जुनी पेटी, नवा ड्रायव्हर

घरच्या हाय-फाय स्पीकरमध्ये मुळात तीनच गोष्टी असतात. अ‍ॅम्प्लिफायरकडून आलेल्या विजेवर पुढेमागे हलणारा ड्रायव्हर, तो जिच्यात बसवला आहे ती लाकडी पेटी, आणि खालचे सूर वूफरकडे व वरचे ट्वीटरकडे धाडणारा क्रॉसओव्हर. तिन्हींत ड्रायव्हर काढायला सर्वांत सोपा. चार-सहा स्क्रू आणि दोन तारा सुटल्या की तो हातात येतो. वीस-तीस वर्षांच्या जोडीचा आवाज मळकट वाटू लागला की म्हणूनच पहिला विचार ड्रायव्हर बदलण्याचा येतो. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर त्याच मापाचे, जास्त वॉटचे आणि दिसायला जास्त रुबाबदार ड्रायव्हर मिळतातही. ते घातल्याने स्पीकर सुधारतो की बिघडतो, यावर मात्र सरळ दोन तट पडतात.

वारूळवाडीत हे दोन्ही तट समोरासमोर येऊ शकतात, याला कारण आहे. हे गाव नारायणगावाला खेटून आहे आणि नारायणगाव ही तमाशाची पंढरी. जत्रांच्या हंगामाआधी इथे फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावच्या सुपाऱ्या ठरतात. फड म्हटला की माइक, कर्णे आणि मोठाले स्पीकर आलेच. त्यात लग्नाच्या मांडवांची भर. अशा यंत्रणेत कॉइल जळते, कोन फाटतो, आणि पुढच्या कार्यक्रमाआधी तो बदलावाच लागतो. अशा कामातून तयार झालेला एक कारागीर, आणि घरी बसून गाणे ऐकणारा, आकडे वाचणारा एक हौशी तरुण, अशी दोन नमुन्याची पात्रे पुढच्या संवादात आहेत. तरुणाच्या जोडीत प्रत्येक बाजूला आठ इंची वूफर, एक इंची घुमटाचा ट्वीटर आणि 20 लिटरची बंद पेटी आहे.

हौशी: नाना, पेटी अजून दणकट आहे. वूफर तेवढे नवे घालू. जुने चाळीस वॉटचे आहेत, शंभरचे मिळताहेत.

कारागीर: शंभर वॉट म्हणजे तो शंभर वॉट सोसतो. आवाज किती देतो ते वेगळं. कागदावर सेन्सिटिव्हिटी काय लिहिलीय?

हौशी: चौऱ्याऐंशी डेसिबल. जुन्याची नव्वद होती.

कारागीर: मग आता तेवढ्याच आवाजाला चौपट वॉट घालावे लागतील. पैसे देऊन आवाज कमी करून घेतलास की रे.

कारागिराचे गणित बरोबर आहे. सेन्सिटिव्हिटी म्हणजे 1 वॉट दिल्यावर 1 मीटर अंतरावर मिळणारी आवाजाची पातळी. दर 3 डेसिबलला लागणारी शक्ती दुप्पट होते, म्हणून 6 डेसिबलच्या फरकाला ती चौपट लागते. वॉटचा आकडा फक्त कॉइल किती उष्णता सोसेल एवढेच सांगतो, आणि ड्रायव्हर निवडायला याहून निरुपयोगी निकष सापडणे कठीण. आपल्याकडे 1990 च्या दशकात टू-इन-वनवर पीएमपीओचे, म्हणजे क्षणिक शिखरशक्तीचे, हजारी आकडे छापून विकण्याची पद्धत पडली. वॉट म्हणजे दर्जा ही समजूत तेव्हापासून जी चिकटली ती सुटलेली नाही.

ड्रायव्हर बदलण्याआधी आहे तो खरोखर संपला आहे का, हे पाहायला हवे. इथे कारागिराची बाजू निर्विवाद वरचढ आहे. वूफर पेटीतून काढून आडवा ठेवायचा आणि दोन्ही हातांची बोटे कोनच्या मध्याभोवती समान अंतरावर टेकवून तो हळूच खाली दाबायचा. कॉइल चुंबकाच्या फटीत मोकळी सरकत असेल तर काहीच ऐकू येत नाही. वाकली किंवा जळून फुगली असेल तर बारीक खरखर बोटांनाच जाणवते. मग मल्टिमीटर. 8 ओहमचा ड्रायव्हर मीटरवर साधारण 6 ओहम दाखवतो, कारण 8 हा आकडा बदलत्या प्रवाहातील अडथळ्याचा, म्हणजे इंपिडन्सचा, ठोकळ आकडा आहे आणि मीटर फक्त तारेचा रोध मोजतो. मीटरने जोड तुटलेला दाखवला तर कॉइल गेली.

सर्वांत जास्त मरते ती कोनच्या कडेची फोमची झालर. दमट हवेत आणि ऑक्सिजनच्या संपर्कात पॉलियुरेथेन फोमचे रेणू तुटत जातात. दहा-पंधरा वर्षांत ती चिकट होते, मग बोट लावताच तिची भुकटी पडते. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेला, जिथे पावसाळा चार महिने घराच्या भिंती ओल्या ठेवतो, तिथे ती आधीच जाते. रबराची किंवा कापडाची झालर मात्र कित्येक दशके टिकते.

हौशी: झालर गेली म्हणजे वूफर गेलाच ना?

कारागीर: झालर गेली म्हणजे झालर गेली. नवी झालर वेगळी मिळते. जुनी खरवडायची, मधली टोपी कापायची, कॉइल आणि लोखंडी खांबाच्या मध्ये पातळ फिल्मच्या पट्ट्या सरकवून कॉइल मधोमध आणायची, मग डिंक लावायचा. डिंक वाळला की पट्ट्या काढायच्या आणि नवी टोपी चिकटवायची. वूफर तोच, पेटी तीच, आवाज तोच.

हौशी: पण तो आवाज तीस वर्षांपूर्वीचाच. तेव्हापासून काही सुधारणा झालीच नसेल?

हौशाचा हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर अर्धे हो, अर्धे नाही असे आहे. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी 1925 मध्ये फिरत्या कॉइलच्या ज्या स्पीकरचे वर्णन प्रसिद्ध केले, त्याचे तत्त्व आजही तेच आहे: चुंबकाच्या फटीत कॉइल, कॉइलला कोन, कोनला लवचीक कड. पण चुंबकीय क्षेत्राचे गणित संगणकावर करता येऊ लागल्यापासून कॉइल दूरवर सरकली तरी तिच्यावरचे बल सारखे राहील अशी फट आखता येते. कोनसाठी पॉलिप्रोपिलीन, अ‍ॅल्युमिनियम, विणलेले ग्लासफायबर आले. जास्त आवाजात होणारी विकृती चांगल्या नव्या वूफरमध्ये खरोखर कमी असते. तेव्हा नवा ड्रायव्हर चांगला असू शकतो, यात वाद नाही. तो या पेटीत चांगला ठरेल का, इथे खरी गाठ आहे.

हौशी: आठ इंची भोकात आठ इंची वूफर. त्यात काय अडचण?

कारागीर: भोकाचं माप सुताराचं. वूफरचं माप हवेचं.

एडगर व्हिल्चर यांनी 1954 मध्ये अमेरिकेत एआर-1 हा बंद पेटीचा स्पीकर बाजारात आणला तेव्हा ही गोष्ट ठळक झाली. बंद पेटीतली हवा स्प्रिंगसारखी वागते. कोन आत गेला की ती त्याला बाहेर ढकलते, बाहेर आला की आत ओढते. पेटी लहान तर स्प्रिंग ताठ. वूफरची स्वतःचीही लवचीकता असते. ती किती लिटर हवेइतकी आहे, हे व्हीएएस या आकड्याने सांगतात. वूफर मोकळ्या हवेत ज्या कंपनसंख्येला आपोआप डोलतो ती एफएस, आणि ते डोलणे किती लवकर आवरते याचा आकडा क्यूटीएस. ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांचा 1961 चा निबंध आणि रिचर्ड स्मॉल यांचे 1970 च्या दशकाच्या सुरुवातीचे काम यांतून ही मोजमापे रुळली. त्यांनाच थील-स्मॉल आकडे म्हणतात आणि आता ते ड्रायव्हरच्या कागदावर छापलेले मिळतात. आठ इंची दोन वूफरचे हे आकडे जमीन-अस्मानाइतके वेगळे असू शकतात.

हौशाच्या 20 लिटर पेटीचे उदाहरण घ्यावे. समजा जुन्या वूफरचा व्हीएएस 40 लिटर, एफएस 35 हर्ट्‌झ आणि क्यूटीएस 0.40 आहे. व्हीएएसला पेटीच्या आकारमानाने भागले की 2 येतात, त्यात 1 मिळवले की 3, आणि त्याचे वर्गमूळ 1.73. एफएस आणि क्यूटीएस या दोन्हींना त्याने गुणायचे. पेटीत बसल्यावर वूफरचे डोलणे सुमारे 61 हर्ट्‌झवर आणि क्यू 0.69 होतो. बंद पेटीत 0.7 च्या आसपासचा क्यू म्हणजे सपाट, आटोपशीर बास. म्हणजे मूळ आखणी करणाऱ्याने हिशेब नीट केलेला आहे. आता 60 लिटर व्हीएएस, 32 हर्ट्‌झ एफएस आणि 0.55 क्यूटीएसचा नवा वूफर बसवला तर तेच वर्गमूळ 2 येते. डोलणे 64 हर्ट्‌झवर आणि क्यू 1.10. एफएस कमी होता म्हणून बास खोल जाईल या आशेने तो घेतला, आणि प्रत्यक्षात डोलणे थोडे वरच सरकले. वर 80 हर्ट्‌झच्या पुढेमागे जवळजवळ 2 डेसिबलचा उंचवटा आला तो वेगळाच. डग्ग्याची प्रत्येक थाप एकाच सुरात घुमू लागते. पहिल्या दिवशी ऐकणाऱ्याला हे भरदार वाटते. आठवड्याने तोच ते बंद कर म्हणतो.

कारागीर: आणि मांडवातला आठ इंची घातलास तर उलट. त्याचा कोन हलका, कड ताठ, चुंबक जबरा. लांबवर पोचायला केलेला असतो तो. घरात बास शोधत बसशील.

मांडवातल्या वूफरचा एफएस 70 हर्ट्‌झ, क्यूटीएस 0.30 आणि व्हीएएस 20 लिटर धरला, तर याच पेटीत बास 200 हर्ट्‌झच्या आसपासच 3 डेसिबलने उतरलेला असतो. सेन्सिटिव्हिटी मात्र भरपूर. गाणे खणखणीत ऐकू येते आणि त्याखालची जमीन निघून जाते. या पट्ट्यात मांडवाचे सामान हाताशी असल्याने ही चूक सहज होण्यासारखी आहे. दुसरी चूक गाडीच्या स्पीकरची. दाराच्या पोकळीत, म्हणजे जवळजवळ अमर्याद पेटीत बसण्यासाठी त्यांचा क्यूटीएस मुद्दाम जास्त ठेवलेला असतो. लहान बंद पेटीत ते हमखास घुमतात. शिवाय ते बहुधा 4 ओहमचे असतात, आणि 8 ओहमसाठी बांधलेला जुना अ‍ॅम्प्लिफायर त्यांच्यापुढे तापतो.

हौशाने इथपर्यंत हार मानलेली नाही, आणि मानण्याचे कारणही नाही. त्याचा पुढचा मुद्दा सर्वांत वजनदार आहे.

हौशी: नाना, आकडे जुळवून घेतले तर? आणि बसवल्यावर मोजलं तर? मोजणीचा माइक आता यूएसबीवर मिळतो, आरईडब्ल्यू हा प्रोग्राम फुकट आहे. खोडदच्या दुर्बिणीवर लोक आकाशातला आवाज मोजतात, आपण घरातला मोजायला काय हरकत आहे?

कारागीर: तो आवाज नव्हे, रेडिओलहरी. पण मोज बाबा. मोजून बदलणाऱ्याशी माझं भांडण नाही.

कारखान्यांनीही हेच केले आहे. यामाहाचा एनएस-10 हा 1978 चा छोटा स्पीकर घरांसाठी होता, पण तो जगभरच्या स्टुडिओंत जाऊन बसला. त्याचा ट्वीटर इतका बोचरा की ध्वनिमुद्रक त्यावर टिश्यू पेपर चिकटवत. 1987 मध्ये यामाहाने स्टुडिओ आवृत्ती काढली तेव्हा ट्वीटर बदलला, आणि त्याबरोबर क्रॉसओव्हरही. बीबीसीचे उदाहरण याहून बोलके आहे. बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांत बसावा म्हणून 1970 च्या दशकात बीबीसीच्या अभियंत्यांनी एलएस3/5ए हा जेमतेम 5 लिटरचा स्पीकर आखला. त्यात केईएफ कंपनीचा बी110 वूफर आणि टी27 ट्वीटर होता. पुढे केईएफने ड्रायव्हरमध्ये सुधारणा केल्या, आणि 1987 मध्ये त्यांच्यासाठी क्रॉसओव्हर नव्याने आखावा लागला. स्पीकरचा ठोकळ इंपिडन्स 15 ओहमवरून 11 ओहमवर आला. नाव तेच, पेटी तीच, कंपनीही तीच, तरीही फक्त ड्रायव्हर बदलून भागले नाही. हौसेने बदल करणाऱ्याने ही गोष्ट भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे.

क्रॉसओव्हरचा हिशेब वूफरच्या हिशेबाइतकाच करडा आहे, फक्त तो ऐकणाऱ्याच्या लक्षात उशिरा येतो. सर्वांत साध्या रचनेत ट्वीटरच्या ओळीत एकच कपॅसिटर असतो. 8 ओहमच्या ट्वीटरला सुमारे 6.6 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 3000 हर्ट्‌झला कापतो. ट्वीटर 4 ओहमचा घातला आणि कपॅसिटर तोच ठेवला तर कापणी थेट 6000 हर्ट्‌झवर जाते. वूफर 3000 ला थांबला, ट्वीटर 6000 ला सुरू झाला, आणि मधल्या सप्तकात खड्डा पडला. आवाजातली धार आणि स्पष्टपणा याच भागात असतो. लावणीचे बोल ऐकू येतात, पण ‘च’, ‘ट’, ‘श’ पुसट होतात.

हौशी: आणि नवा ट्वीटर जास्त सेन्सिटिव्ह असला तर?

कारागीर: तर डोकं दुखेल. दोन रेझिस्टर लागतात.

वूफर 88 आणि ट्वीटर 92 डेसिबलचा असेल, तर ट्वीटर 4 डेसिबलने खाली आणावा लागतो. 8 ओहमच्या ट्वीटरसाठी 3 ओहमचा एक रेझिस्टर ओळीत आणि सुमारे 14 ओहमचा एक ट्वीटरला समांतर लावला की काम होते, आणि क्रॉसओव्हरला समोर 8 ओहमच दिसत राहतात. ट्वीटरचा स्वतःचा एफएस कापणीच्या निम्म्याहून खाली हवा, ही आणखी एक अट. 1500 हर्ट्‌झला डोलणारा ट्वीटर एका कपॅसिटरवर 2000 ला कापला, तर जोराच्या आवाजात तो कुरकुरतो आणि एके दिवशी जळतो.

जुन्या जोडीत बरेचदा दोष ड्रायव्हरचा नसतोच. क्रॉसओव्हरमधले बायपोलर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वर्षानुवर्षे सुकतात, त्यांचा अंतर्गत रोध वाढतो आणि ट्वीटर दबतो. आवाज मळकट होतो तो अनेकदा यानेच. ड्रायव्हरच्या किमतीच्या अंशात हे कपॅसिटर बदलता येतात, आणि एवढ्याने काम भागते का ते आधी पाहावे. नव्या फिल्म कपॅसिटरचा अंतर्गत रोध मात्र जुन्यापेक्षा कितीतरी कमी असतो, त्यामुळे ट्वीटर मूळपेक्षाही चढा वाजू शकतो. तसे वाटल्यास अर्ध्या ओहमचा रेझिस्टर ओळीत टाकतात.

पेटीच्या दर्शनी फळीचाही मूळ आखणीत हिशेब असतो. खालच्या सुरांच्या लहरी लांब असल्याने त्या पेटीभोवती वळून मागे पसरतात, वरच्या सुरांच्या पुढेच राहतात. 115 ला फळीच्या मीटरमधल्या रुंदीने भागले की हा बदल कुठे होतो ते हर्ट्‌झमध्ये कळते. 25 सेंटिमीटर फळीला ते 460 येते. कारखान्याच्या क्रॉसओव्हरमध्ये याची भरपाई बहुधा केलेली असते, पण ती मूळ वूफरच्या मानाने. तयार विकत मिळणाऱ्या सर्वसाधारण क्रॉसओव्हरमध्ये ती नसते, आणि तो टाकणे हा एकूण प्रकारातला सर्वांत वाईट पर्याय आहे. आठ इंची वूफर 2000 हर्ट्‌झच्या वर आवाज एका झोतात फेकू लागतो, कारण तिथे लहर 17 सेंटिमीटरची, म्हणजे कोनच्या रुंदीएवढी होते. नवा ट्वीटर खालपर्यंत वाजणारा असेल आणि कापणी त्यामुळे खाली आणता आली, तर खोलीत बाजूला बसलेल्यालाही गाणे नीट मिळते. हौशाच्या बाजूने मांडता येणारा हा खरा लाभ आहे, आणि तो नवा क्रॉसओव्हर आखल्याशिवाय मिळत नाही.

हौशी: म्हणजे पेटी सोडून सगळंच नवं.

कारागीर: मग तसं म्हण. जुन्या पेटीत नवा स्पीकर बांधतोय, असं म्हण. त्याला माझी ना नाही. पण दोन स्क्रू काढून दोन स्क्रू घातले आणि सुधारला, असं म्हणू नकोस.

असे ठरवून काम करायचे असेल तर क्रम सांभाळावा. आधी पेटीचे आतले आकारमान मोजून त्यातून आडपट्ट्या, क्रॉसओव्हर आणि वूफरचा मागचा भाग वजा करायचा. मग आकडे जुळणारा वूफर निवडायचा, खोली आणि स्क्रूंच्या वर्तुळाचे माप पाहायचे. पेटीला पाइप असेल तर त्याची लांबी नव्या वूफरसाठी पुन्हा काढावी लागते. पाइपात पायमोजा कोंबून पेटी तात्पुरती बंद केली की नव्या वूफरला पाइप मानवतो का याचा अंदाज लगेच येतो. दोन्ही पेट्यांतले ड्रायव्हर जोडीनेच बदलावेत, पण एकाच वेळी नव्हे. आधी एकच पेटी बदलून, दोन्हींना एकच मोनो आवाज देऊन, आलटून पालटून ऐकले आणि मोजले की सुधारणा झाली की नुसता बदल झाला हे कळते. जुने ड्रायव्हर टाकून देऊ नयेत.

जोडणीत ध्रुव चुकणे ही नेहमीची गफलत. दीड व्होल्टच्या सेलचे धन टोक ड्रायव्हरच्या धन टोकाला क्षणभर टेकवले की वूफरचा कोन बाहेर उडी मारतो. आत गेला तर खुणा उलट आहेत. ट्वीटरवर हा प्रयोग करू नये, त्याची बारीक तार सोसत नाही, आणि काही क्रॉसओव्हरमध्ये ट्वीटर मुद्दामच उलटा जोडलेला असतो. म्हणून जुना सोडवण्याआधी तारांचा फोटो काढून ठेवावा. एमडीएफच्या फळीतली स्क्रूची भोके खिळखिळी झाली असतील तर बांबूच्या काड्या डिंकात बुडवून भरतात आणि वाळल्यावर नव्याने भोक पाडतात. वूफरच्या कडेखाली फोमची चिकटपट्टी लावून स्क्रू समोरासमोरच्या जोडीने आवळायचे. शेवटी, बंद पेटीचा वूफर हळूच आत दाबून सोडायचा. कोन सावकाश परत आला तर पेटी हवाबंद आहे. झटकन आला तर कुठेतरी गळती आहे. ती बहुतेक वेळा मागच्या टर्मिनलच्या प्लेटजवळ सापडते.